टेरियर: चावरा की उंदीरमाऱ्या?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये जॅक रसेल टेरियर शिरला की लोक भिंतीला चिकटतात. मागून लॅब्रॅडॉर आला तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. टेरियर म्हणजे चावरी जात, हे आपण धरूनच चाललो आहोत. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

‘टेरियर’ शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘टेरा’ म्हणजे जमीन. कोल्ह्याच्या बिळात शिरायला आणि कोठारांतले, गिरण्यांतले उंदीर मारायला ही कुत्री ब्रिटनमध्ये पैदा केली गेली. डेव्हनच्या जॉन रसेल या पाद्र्यानं १८१९ साली एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली. जॅक रसेलची वंशावळ तिच्यापासून सांगतात. बिळात मालक सोबत नसतो. पकडायचं, झटका द्यायचा, सोडायचं, सगळं कुत्र्यानं स्वतः आणि क्षणात ठरवायचं. म्हणून पळणारी खार किंवा धावत्या पोराची टाच दिसली की डोक्याआधी तोंड पुढे जातं. हा राग नव्हे, पिढीजात धंदा आहे.

गैरसमज: सगळ्यांत आक्रमक टेरियरच.

वस्तुस्थिती: २००८च्या एका अमेरिकी पाहणीत माणसांवर धावून जाणाऱ्या जातींत जॅक रसेल होता खरा, पण सोबत डॅशहुंड आणि चिवावाही होते. फिनलंडमध्ये नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात पहिला नंबर रफ कोलीचा, म्हणजे सिनेमातल्या गुणी लॅसीच्या जातीचा! लहान चणीची कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त आक्रमक, हेही त्यात दिसलं. माझ्या मते यात आपलाही वाटा आहे. अल्सेशियन गुरगुरला तर आपण मागे सरतो, छोटासा यॉर्कशायर टेरियर गुरगुरला तर मोबाइल काढून व्हिडिओ करतो. शिवाय २०२२च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार, दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो.

गैरसमज: चावला की एक ठेवून द्यावी, मालक कोण ते कळतं.

वस्तुस्थिती: हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्के जणांवर कुत्रं उलटलं होतं. गुरगुरण्याबद्दल मारलं तर भीती जात नाही, फक्त इशारा जातो. मग ‘न सांगता चावला’ म्हणायची वेळ येते. खरं तर तो आधीपासून सांगत असतो: मान वळवणं, ओठ चाटणं, जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. तिथेच थांबा, अंतर द्या, आणि नेमकं काय खुपलं ते शोधा.

पिल्लाची गोष्ट वेगळी. २८ दुधाचे दात पडून सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तोवर ते दिसेल ते चावणार. दात लागले की खेळ बंद, हात स्थिर, आणि तोंडात दोरीचं खेळणं. हाताशी झटापटीचा खेळ मात्र कधीच नको. तोंडातली चप्पल ओढू नका, चिकनचा तुकडा देऊन अदलाबदल करा. उकरायला मातीचा कोपरा द्या. शांत कुत्रं अचानक चावायला लागलं तर आधी पशुवैद्य गाठा: दात, कान, सांधे, काहीतरी दुखत असू शकतं. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांना एकटं सोडू नका. गरज पडली तर जाळीचं मुसकं हळूहळू सवयीचं करा. मळणीच्या बैलाला बांधतात तेव्हा कुणाला लाज वाटत नाही.

आणि एवढं करूनही दात रुतलाच, तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी. पोटातल्या १४ इंजेक्शनांचा जमाना गेला. आता चार-पाच डोस, तेही दंडात.