दुपारी सावली जाते कुठे? ‘बघूया’ म्हणणाऱ्या घरात कुतूहल टिकतं

मे महिन्याची दुपार. सुट्टीत अंगणात खेळणारं पोर मध्येच थांबतं आणि विचारतं, “आजी, माझी सावली कुठं गेली गं?” घरातलं कुणीतरी आतूनच उत्तर देतं, “बारा वाजले की सूर्य डोक्यावर येतो, म्हणून सावली नाही. ऊन लागेल, आत ये बघू.” पोर आत येतं. प्रश्न तिथंच संपतो.

उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हे उत्तर बरोबर नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत ऐकलं, पाठ केलं आणि पुन्हा कधी तपासलं नाही. मुलांचं आणि मोठ्यांचंही कुतूहल नेमकं कुठे आटतं, ते या एका उत्तरात दिसतं.

सूर्य डोक्यावर येतो, पण कधी आणि कुठे?

पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे झुकलेला असतो, जूनमध्ये उत्तरेकडे येतो. या जाण्या-येण्यात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्याकडच्या गावांवर तो वर्षातून फक्त दोनदा अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली काही क्षण दिसत नाही. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात.

हा दिवस प्रत्येक गावाचा वेगळा. पणजीत तो २ मेच्या आसपास येतो, बेळगावात ३-४ मे रोजी, हैदराबादेत ९ मे रोजी. बडोद्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात, तर इंदुरात त्यानंतर तीन-चार दिवसांनी. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा जुलै-ऑगस्टचे ढग असतात. म्हणून पहिली संधीच महत्त्वाची.

आणि ग्वाल्हेर? ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे सूर्य कधीच अगदी डोक्यावर येत नाही. २१ जूनच्या दुपारीसुद्धा एक मीटर काठीची साधारण पाच सेंटिमीटर सावली उरतेच.

बाराचा ठोकाही खरा नाही. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. आपली गावं त्याच्या पश्चिमेला असल्याने तिथे माध्यान्ह उशिरा होते. मेच्या सुरुवातीला बेळगावात ती साडेबाराच्या सुमारास, हैदराबादेत बारा वाजून बारा-तेरा मिनिटांनी. बडोद्यात जूनच्या सुरुवातीला बारा पस्तीस होतात.

म्हणजे पोराचा प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नव्हतं. “बारा वाजले की” म्हणणाऱ्याने पोराला फसवलं नाही. त्यालाही कधी कुणी “बघूया” म्हटलं नव्हतं, इतकंच.

कुतूहल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ मध्ये मांडलेली कल्पना समजायला सोपी आहे. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत करून घ्यायचं आहे, यात फट दिसली की मन अस्वस्थ होतं. ती अस्वस्थता म्हणजे कुतूहल. ज्याला विषयाचं काहीच माहीत नाही त्याला फट दिसत नाही, आणि ज्याला सगळं माहीत आहे असं वाटतं त्यालाही दिसत नाही. थोडं कळलं आणि पुढचं अडलं की ओढ लागते.

ही ओढ शिकण्याच्या कामीही येते. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. ज्या प्रश्नांबद्दल लोकांना जास्त उत्सुकता होती, त्यांची उत्तरं त्यांच्या जास्त लक्षात राहिली. इतकंच नव्हे, उत्तराची वाट बघताना मध्येच दाखवलेले अनोळखी चेहरेसुद्धा त्यांना जास्त आठवले. उत्सुक झालेलं मन आजूबाजूचंही टिपून घेतं.

मोठ्यांचं कुतूहल का संपतं?

मोठ्यांना वेळ नसतो हे खरंच. पण आणखी एक कारण आहे. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं की चेन, म्हणजे कपड्यांची झिप, कशी चालते किंवा संडासाचा फ्लश कसा काम करतो हे तुम्हाला किती समजतं. लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग त्यांना ते टप्प्याटप्प्याने लिहून काढायला सांगितलं. लिहिताना अडल्यावर त्यांनी स्वतःचे गुण स्वतःच कमी केले.

रोज वापरतो ती वस्तू कळलीच आहे, असं आपण धरून चालतो. त्यामुळे फट दिसत नाही आणि प्रश्नही पडत नाही. पोरानं विचारलेलं “का?” हे खरं तर मोठ्यांनाच मिळालेलं आमंत्रण असतं. उत्तर सांगता सांगता आपण अडलो, तर लाज वाटायचं कारण नाही. कुतूहल जागं व्हायची जागा तीच आहे.

प्रश्न शाळेत का आटतात?

ब्रिटनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूजेस यांनी चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि बालवाडीतलं बोलणं नोंदवून घेतलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८४ मध्ये आलं. घरी आईशी बोलताना या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत हाच आकडा दोनवर आला. पोरी त्याच, पण घरी कामं करता करता निवांत बोलायला माणूस होतं, आणि शाळेत प्रश्न विचारायचं काम बाईंकडे होतं.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबत, आणि मुलं स्वतःहून प्रश्नही जास्त विचारत. खर्च शून्य, फक्त थांबायचं.

सीमाभागात आणि परराज्यात वाढणाऱ्या मराठी पोरांपुढे याशिवाय एक अडचण आहे. घरी ‘सावली’ असते. शाळेत गेलं की तीच कुठे ‘नेरळु’ होते, कुठे ‘पडछायो’, कुठे ‘नीड’ आणि बऱ्याच ठिकाणी ‘शॅडो’. धड्यातला शब्द पोर पाठ करतं. पण प्रश्न सुचतो घरच्या भाषेत आणि विचारायचा असतो दुसऱ्या भाषेत. शब्द जुळवेपर्यंत तास पुढे गेलेला असतो. अशी पोरं गप्प दिसतात, आणि गप्प पोराला प्रश्नच पडत नाहीत असा समज होतो.

म्हणून या घरांत मराठीत प्रश्न विचारायची मोकळीक जास्त मोलाची ठरते. शाळेत राहून गेलेला प्रश्न संध्याकाळी घरी विचारता आला, तर तो मरत नाही. “आज शाळेत काय शिकवलं?” यापेक्षा “आज काय विचारावंसं वाटलं?” असं विचारून बघावं. पोराला शाळेच्या भाषेतला शब्द आठवला तर त्याच शब्दाने बोलू द्यावं. भाषा सुधारायची वेळ नंतर येतेच.

काठी, खडू आणि एक फोन

आता पुन्हा त्या अंगणात. प्रश्न जिवंत ठेवायला काय लागतं? एक मीटर लांबीची सरळ काठी, मातीने भरलेली बादली आणि खडू. काठी बादलीत ओळंब्याने सरळ उभी करायची. बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सर्वांत आखूड सावली पडली ती आपल्या गावाची माध्यान्ह. घड्याळात किती वाजले ते पोरानेच लिहून ठेवावं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधीच बजावून ठेवावं.

दर पंधरा दिवसांनी हेच केलं तर वर्ष डोळ्यांसमोर उभं राहतं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला बेळगावात या काठीची दुपारची सावली साधारण ८२ सेंटिमीटर भरेल, तर ग्वाल्हेरात जवळजवळ ११८. शून्य सावली दिवसानंतर तर आणखी गंमत आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टपर्यंत बेळगावात दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. असं का, हे पोरानं विचारायच्या आधी सांगून टाकू नये.

मराठी घरांना यात एक वेगळा फायदा आहे. मावशी इंदुरात, काका बेळगावात, आजोळ गोव्यात, असे गोतावळे पसरलेले असतात. ३-४ मेच्या दुपारी बेळगावात सावली नाहीशी होते, तेव्हा इंदुरात त्याच लांबीच्या काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे १२ सेंटिमीटर असते. म्हणजे सूर्य तिथे डोक्यापासून साधारण सात अंश कललेला असतो. वर्तुळाचे ३६० अंश धरले तर सात अंश म्हणजे एकावन्नावा भाग. दोन्ही शहरांतलं दक्षिणोत्तर अंतर साधारण ७६० किलोमीटर. त्याला ५१ ने गुणलं की येतात ३८,७६० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे!

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीसने दोन गावांतल्या सावल्यांवरून हेच गणित मांडलं होतं. त्याच्या गावांतला फरकही सात अंशांच्या थोडा वरच होता. उज्जैनला सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या काळात दुरुस्त झालेली वेधशाळा आहे. तिथलं शंकू यंत्रसुद्धा मुळात सावली मोजणारी उभी काठीच.

मोजमाप पाच-सात टक्के चुकेल. चुकू दे. काठी तिरकी होती की टेप सैल होती, यावर फोनवर भाऊ-बहिणी वाद घालतील, तो वाद हाच खरा अभ्यास. पुढच्या वेळी पोरानं “सावली कुठं गेली?” असं विचारलं, तर आतून उत्तर द्यायची घाई नको. “मलाही नक्की ठाऊक नाही, चल बघूया,” म्हणत टोपी घालून उन्हात यावं, आणि थोडा वेळ काठीजवळ थांबावं.