एक प्रतिजैविक आणि थायमस ग्रंथीची अर्बुदे

रोगजंतूंना मारक ठरणारे द्रव्य मानवी पेशींना निरुपद्रवी असेलच असे नाही. स्ट्रेप्टोझोटोसिन या प्रतिजैविकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसेस ॲक्रोमोजीनस या सूक्ष्मजंतूपासून ते १९५० नंतरच्या दशकात मिळाले. १९६३ मध्ये असे आढळले की, ते टोचल्याने उंदरांना व कुत्र्यांना मधुमेह होतो. १९६७ मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडांत त्यामुळे अर्बुदे झाल्याचेही प्रसिद्ध झाले.

या द्रव्याच्या रेणूचे दोन भाग आहेत. एक ग्लुकोजसदृश शर्करेचा, दुसरा मेथिल नायट्रोसोयूरियाचा. हा दुसरा भाग डीएनएला मेथिल गट जोडतो. त्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी आनुवंशिक संदेशाची नक्कल चुकते. शर्करेवाचून हेच मेथिल नायट्रोसोयूरिया उंदरांना दिल्यास थायमस ग्रंथीत लसिका पेशींची मारक अर्बुदे उद्भवतात. उरोस्थीच्या मागे असणाऱ्या या ग्रंथीत संरक्षक टी-पेशी परिपक्व होतात, आणि तेथील पेशींचे विभाजन अतिशय वेगाने चालते.

मग घातक भाग एकच असताना अवयव वेगळे का? याचे उत्तर बव्हंशी शर्करेत आहे. ग्लुकोज आत घेणाऱ्या ग्लूट-२ या वाहक प्रथिनाच्या द्वारे स्ट्रेप्टोझोटोसिन पेशीत शिरते. हे प्रथिन उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींत विपुल असते, व मूत्रपिंडातही आढळते. शर्करारहित द्रव्याला अशा वाहकाची गरज नसते. ते शरीरभर पसरते आणि थायमसखेरीज इतर अवयवांतही अर्बुदे निर्माण करू शकते.

याच गुणामुळे स्ट्रेप्टोझोटोसिन पुढे औषध ठरले. स्वादुपिंडातील अंतःस्रावी पेशींच्या, अन्यत्र पसरलेल्या कर्करोगावर ते वापरण्यास अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवाला कर्करोगकारक असण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत केली आहे. म्हणून प्राणघातक रोगात जो धोका पत्करणे रास्त ठरते, तो साध्या जंतुसंसर्गासाठी पत्करणे रास्त ठरत नाही. तसेच, एखाद्या द्रव्याचा धोका केवळ त्याच्या विषारीपणावर नव्हे, तर ते कोणत्या वाटेने कोणत्या पेशीत पोचते यावरही अवलंबून असतो. नव्या औषधाची परीक्षा एकाच अवयवापुरती मर्यादित ठेवून चालत नाही, ती याचसाठी.