सरबतवाली ॲलेक्स

घरात मूल आजारी पडलं की घराचा सूरच बदलतो. त्यातून आजाराचं नाव कॅन्सर असलं तर बघायलाच नको! शेजारीपाजारी दबक्या आवाजात बोलू लागतात, आई पदराआड डोळे पुसते. या सगळ्यात त्या मुलाचं हसणं-खेळणं, हट्ट करणं मात्र कुणाच्या ध्यानातच राहत नाही. म्हणूनच, मैत्रिणींनो, आज एका अमेरिकन चिमुरडीची हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटते.

तिचं नाव अलेक्झांड्रा स्कॉट, लाडाचं नाव ॲलेक्स. जन्म १८ जानेवारी १९९६ चा, कनेक्टिकट राज्यातला. पहिला वाढदिवस तोंडावर आला आणि डॉक्टरांनी निदान केलं, न्यूरोब्लास्टोमा. अपक्व मज्जापेशींपासून होणारा हा कर्करोग बहुधा लहानग्यांनाच गाठतो. पोर वाचली तरी चालू शकेल की नाही, याची डॉक्टरांना शंकाच होती. पण दोन आठवड्यांनी आईवडिलांनी ‘लाथ मार पाहू’ म्हणताच तिनं पाय किंचित हलवला! दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ती रांगू लागली, पायांना आधार बांधून उभी राहू लागली. गाठी मात्र पुन्हा वाढल्या.

सन २००० मध्ये, चौथ्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, तिच्यावर मूलपेशींचं रोपण झालं. तिथं, इस्पितळातच, तिनं आईला आपला बेत सांगितला: घरी गेल्यावर सरबताचं दुकान मांडायचं! उन्हाळ्यात दारापुढं टेबल टाकून लिंबाचं सरबत विकणं हा तिकडच्या मुलांचा नेहमीचाच खेळ. पण या पोरीला पैसे खेळण्यांसाठी नको होते. ते डॉक्टरांना द्यायचे होते, इतर मुलांनाही बरं करता यावं म्हणून. त्याच वर्षी थोरल्या भावाला हाताशी घेऊन तिनं दुकान थाटलं आणि दोन हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली.

मग दरवर्षी हा सोहळाच झाला. जून २००४ मध्ये अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तिच्या नावानं सरबत विकलं गेलं. १ ऑगस्ट २००४ रोजी ॲलेक्स गेली. वय अवघं आठ. तोवर कर्करोगावरच्या संशोधनासाठी दहा लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला होता. २००५ साली तिच्या नावानं संस्था निघाली आणि तिचं काम आजही चालू आहे.

तिला दुखत नव्हतं का हो? दुखत होतंच. पण आजार हेच काही तिचं सगळं आयुष्य नव्हतं, आणि घरच्यांनीही तसं होऊ दिलं नाही. आपण घ्यायचं ते एवढंच. आजारी मुलाला नुसतं अंथरुणात जपू नका, झेपेल ते काम हाती द्या. मटार सोलू दे, भावंडाला गोष्ट सांगू दे, चित्रं काढू दे. विचारलं तर त्याच्या वयाला कळेल असं खरं सांगा. हा रोग संसर्गजन्य नाही, तेव्हा भावंडांना दूर ठेवू नका. मात्र उपचारांत मुलाची प्रतिकारशक्ती खालावते. सर्दी-तापाचा पाहुणा नको, आणि मुलाला ताप आला तर घरगुती काढे करत न बसता लगेच डॉक्टरांना कळवा.

न हटणारा ताप, फिकेपणा, कारणाशिवाय उमटणारे काळेनिळे डाग, हाडांचं दुखणं, कुठं गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, यांतलं काही दिसलं तर तपासणी टाळू नये. संपन्न देशांत आज शंभरातली ऐंशीहून अधिक मुलं बरी होतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे.

आणि ज्या घरातलं मूल गेलं, त्या आईला भेटायला जाल तेव्हा विषय टाळू नका. तिच्या बाळाचं नाव घ्या, त्याच्या खोड्या विचारा. ती रडेल, पण सांगता सांगता हसेलही. तेवढं हसू तिला फार दिवसांनी मिळालेलं असतं, बाई!