सर्व्हरच्या पोटात (भाग ७) : पॅकेज कशासाठी?

मागच्या आठवड्यात आपण सोर्स कोड उतरवून तो सर्व्हरवरच कंपाईल करण्याची पद्धत पाहिली. तशाने सॉफ्टवेअर चालतं, पण त्याच्या फाइली कुठे कुठे पसरल्या याची नोंद राहत नाही. बसवणारा नोकरी सोडून गेला, की त्या सॉफ्टवेअरला हात लावायला कोणी धजत नाही.

पॅकेज हा त्यावरचा उपाय. त्यात तयार प्रोग्रामसोबत आवृत्ती, फाइलींची यादी आणि लागणाऱ्या लायब्ररींची माहिती असते. डेबियनचं 'डीपीकेजी' आणि रेड हॅटने १९९५ मध्ये आणलेलं 'आरपीएम' ही साधनं या सगळ्याचा डेटाबेस ठेवतात. त्यामुळे एखाद्या फाइलीवर बोट ठेवून 'ही कोणत्या पॅकेजची?' असं विचारता येतं. मात्र एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. ती साखळी सुरुवातीला माणसालाच जुळवावी लागे. १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत 'ॲप्ट' आलं आणि ते काम यंत्राकडे गेलं.

या नोंदीचं मोल संकटात कळतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल लायब्ररीतला 'हार्टब्लीड' दोष उघडकीस आला. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, प्रसंगी खासगी कीसुद्धा, बाहेरच्याला वाचता येई. पण वेब सर्व्हर आणि मेल सर्व्हर सिस्टिमची एकच लायब्ररी वापरत असतील, तर ते पॅकेज अपडेट करून सेवा रीस्टार्ट केल्या की भगदाड बुजत होतं. सर्टिफिकेट आणि की बदलण्याचं काम तेवढं वेगळं उरायचं.

यात एक बारकावा आहे. ओपनएसएसएलने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली. डेबियन ७ ने मात्र १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिला दुरुस्तीपुरता पॅच जोडला आणि पॅकेजचा क्रमांक १.०.१ई-२+डेब७यू५ असा केला. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. नव्या आवृत्तीसोबत येणारे इतर बदल धंद्याच्या सर्व्हरवर नको असतात, म्हणून हा खटाटोप. तेव्हा नुसती मूळ आवृत्ती पाहून ऑडिटरने 'असुरक्षित' असा शेरा मारला, तर आधी पॅकेजचा पूर्ण क्रमांक दाखवा.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' या लायब्ररीतला दोष जाहीर झाला, तेव्हा उलटा अनुभव आला. जावाचे प्रोग्राम लागणाऱ्या लायब्ररी सहसा आपल्यासोबतच घेऊन येतात. जार फाइलीच्या आत जार, तिच्या आत आणखी एक. पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नसतो. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती कुठे कुठे करायची हे शोधण्यातच जीव मेटाकुटीला आला. कंटेनरच्या इमेजमध्येही हीच गत होऊ शकते. म्हणून इमेज बांधतानाच तिच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, तयार करून ठेवावी.

वेबसाइटवरची स्क्रिप्ट उतरवून थेट रूट म्हणून चालवण्याचा मोह टाळा. डिस्ट्रिब्युशनच्या रेपॉझिटरीत पॅकेज असेल तर तेच घ्या. नसेल तर स्वतः पॅकेज बांधा आणि कंपनीच्या अंतर्गत रेपॉझिटरीत ठेवा. ती कशी उभारायची, हे पुढच्या भागात पाहू. तोवर आपल्या सर्व्हरवरच्या किती फाइली कोणत्याच पॅकेजच्या नाहीत, याची यादी काढून ठेवा.