मोबाईलवर खेळणारा अंगठा आणि धुणं पिळणारं मनगट



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की मग खरं बोलणं सुरू होतं. हल्ली त्यात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे पोरांचा मोबाईल. डोळे जातील, अभ्यास बुडेल, हे आपण सगळ्याच बोलतो. पोराचा अंगठा दुखतो हे मात्र कुणी बोलत नाही, कारण ते आपल्यापर्यंत येतच नाही. सांगितलं की फोन हातातून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग तो महिना-दोन महिने दुखणं लपवून खेळत राहतो. आपल्याला कळतं ते पेन धरवेना झाल्यावर, नाहीतर पाण्याचा तांब्या हातातून सुटल्यावर. म्हणून आज त्या दुखण्याबद्दल बोलू.

आपला अंगठा मागे ताणून बघा. मनगटाजवळ दोऱ्या वर आलेल्या दिसतील. आपण त्यांना शिरा म्हणतो, पण त्यांतून रक्त वाहत नाही. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या त्या दोऱ्या, त्यांना कंडरा म्हणतात. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद वाटेतून जातात. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते ना, अगदी तसं. नाडी सहज सरकते तोवर काही अडत नाही. पण रोज तासन्‌तास तीच ओढाताण झाली की हा नेफा जाड होतो, आतली जागा कमी होते आणि नाडी अडखळायला लागते. मग अंगठा उचलला की मनगटात कळ येते. कधी कधी ती कोपराकडे चढत जाते.

आता खेळ कसा खेळतात ते बघा. फोन आडवा धरायचा, त्याचं वजन बाकीच्या बोटांवर आणि दोन्ही अंगठे काचेवर अधांतरी. पब्जीसारख्या खेळात डाव्या अंगठ्याने माणूस पळवायचा, उजव्याने नेम धरायचा. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मधे थांबला तो मेला, म्हणून हाताला उसंत नाही. (पब्जीवर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली होती. पुढच्याच वर्षी तो खेळ भारतात दुसऱ्या नावाने आला, हे आपल्या पोरांना आपल्याआधी कळलं.) विळा धरताना, लाटणं धरताना अंगठ्याला बोटांचा आधार असतो. इथे तो एकटाच राबतो.

हे दुखणं आजचं नाही. १९९० साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाबद्दल लिहिलं. निन्टेन्डो नावाचा व्हिडिओ गेम सलग पाच तास खेळून उजव्या अंगठ्याची कंडरा भयंकर दुखायला लागली होती. त्या दुखण्याला त्यांनी गमतीने ‘निन्टेन्डिनायटिस’ असं नाव दिलं. आणि तो रुग्ण कुणी पोरगा नव्हता बरं का, पस्तीस वर्षांची बाई होती!

२०१५ साली तिथूनच आणखी एका रुग्णाची हकिगत छापून आली. २९ वर्षांचा माणूस सहा ते आठ आठवडे दिवसभर डाव्या हाताने फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ खेळत होता. उजवा हात इतर कामाला मोकळा. त्याच्या अंगठ्याची कंडरा तुटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तुटेपर्यंत त्याला फारसं दुखलंच नाही. खेळाच्या नादात दुखणं जाणवेनासं होत असावं, असं डॉक्टरांना वाटलं. असं क्वचित घडतं. पण ‘दुखत नाही म्हणजे सगळं ठीक’ असं धरून चालता येत नाही, हे त्यावरून कळतं.

नेफ्याच्या दुखण्याला डॉक्टर ‘डी क्वेरव्हेन’ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या या सर्जननी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. तेव्हा कुठला मोबाईल? त्या काळी इंग्रजीत त्याला धुणावळीची लचक म्हणत, कारण कपडे पिळून पिळून बायकांची मनगटं अशीच धरायची. आजही हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आयांना तर फारच. म्हणजे पोराला मोबाईलवरून बोलणाऱ्या आईच्या मनगटात तेच दुखणं असू शकतं, फक्त ती ते अंगावर काढते.

घरी तपासायचं असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. ताण थोडासा सगळ्यांनाच जाणवतो, म्हणून दोन्ही हात करून बघा. एका बाजूला जोरात कळ आली तर डॉक्टरांना दाखवायचं. ही नुसती शंका झाली, निदान डॉक्टरच करतील. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जास्त, तर ते वेगळं दुखणं. तिथे मनगटातली नस दबलेली असू शकते.

उपायातला मोठा भाग विश्रांतीचा आहे. दुखायला कारण झालेलं काम काही आठवडे बंद किंवा अगदी कमी. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं लावा. डॉक्टर अंगठ्यासकट मनगटाला पट्टा देतात, गरज पडली तर नेफ्यात इंजेक्शन, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया. दुखरं मनगट जोरात चोळून घेणं, झटका देऊन ‘शीर बसवून’ घेणं मात्र नको. सुजलेल्या जागेला आणखी मार कशाला?

अंगठा अचानक उचलताच येईना, मनगट लाल-गरम होऊन ताप आला किंवा बोटं बधिर राहिली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोराशी बोलताना फोन काढून घेण्याची धमकी आधी देऊ नका, नाहीतर पुढचं दुखणंही लपेल. ‘हात दाखव’ म्हणा, आणि आपलाही हात पुढे करून दोघांनी मिळून ती मुठीची तपासणी करा. एक डाव झाला की फोन खाली ठेवायचा, हात सोडायचे, एक चक्कर मारून यायची, असं ठरवून घ्या. फोन हातात न तोलता टेबलावर टेकवून बोटाने खेळलं तरी अंगठ्याला आराम मिळतो. अंथरुणात उताणं पडून फोन वर धरून खेळणं बंदच करा. बाईच्या मनगटाचं म्हणाल तर जाड चादरी एकटीने पिळू नका, दोन टोकं दोघांनी धरा. त्यात पोरालाच बोलवा, पण त्याचा अंगठा बरा झाल्यावर.

ग्रामीण रुग्णालयात जाताना कोणता हात, किती आठवड्यांपासून दुखतंय, कोणत्या कामाने वाढतं आणि रोज फोन किती तास, एवढं कागदावर लिहून न्या. पोराने तास कमी सांगितले तर फोनच्या सेटिंगमध्ये रोजच्या वापराचा हिशेब असतो, तो बघा.