दंतदुरुस्तीतील तारतम्य

मोडलेले हाड कालांतराने सांधते, कापलेली त्वचा भरून येते. परंतु दाताचे बाह्य कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत आपले कार्य आटोपून नष्ट होत असल्यामुळे, त्या कवचाला एकदा पडलेले खिंडार बुजवण्याची कोणतीही तजवीज निसर्गाने केलेली नाही. ती जबाबदारी मग वैद्यकावर येते.

ज्याला आपण 'चांदी भरणे' म्हणतो, त्या मिश्रणात वस्तुतः निम्मा पारा असतो आणि उरलेल्यात चांदी, कथील व तांबे. चर्वणाचा भार वर्षानुवर्षे सोसण्यात ते मजबूत खरे. पण दाताला ते स्वतः चिकटत नसल्यामुळे, ते आत अडकून राहावे म्हणून दाढेचा निरोगी भागही कोरावा लागतो. पाऱ्याच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारानंतर त्याचा वापर ओसरत चालला आहे. तथापि पूर्वी भरलेली चांदी सुस्थितीत असल्यास केवळ भयापोटी ती काढवून घेण्याचे कारण नाही.

दाताच्या रंगाच्या कंपोझिटचा मार्ग मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ साली मोकळा केला. दातावर सौम्य आम्ल काही सेकंद ठेवून धुतले आणि पृष्ठभाग वाळवला, की एरवी चकाकणारे कवच खडूसारखे निस्तेज दिसते. त्यात निर्माण झालेल्या सूक्ष्म छिद्रांत चिकट द्रव शिरतो, आणि त्यावर सुमारे दोन मिलिमीटरचा एकेक थर देऊन तो निळ्या प्रकाशाने कठीण केला जातो. या कामात लाळेचा ओलावा लागला तर पकड कच्ची राहते. म्हणूनच दंतवैद्य कापसाचे बोळे किंवा रबराचा पडदा लावतात, त्याचा रुग्णाने कंटाळा करू नये. ग्लास आयोनोमर हे सिमेंट मात्र दाताशी रासायनिक रीतीने जुळते व फ्लोराइडही सोडते; ते तुलनेने ठिसूळ असले, तरी मुलांच्या दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या झिजेला सोयीचे पडते. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल, तर आधी रूट कॅनाल करून, मग दाढ दुभंगू नये म्हणून बहुधा तिच्यावर कॅप बसवावी लागते.

दात पडल्यावर प्रश्न केवळ शोभेचा उरत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात आपली पातळी सोडतो आणि जबड्याचे हाडही झिजू लागते. कवळी कमी खर्चाची व शस्त्रक्रियेवाचून होणारी. ती रात्री काढून पाण्यात ठेवावी, पण कढत पाण्यात नव्हे, कारण त्याने तिचा आकार बिघडतो. ब्रिज पक्का बसतो, परंतु त्यापायी दोन्हीकडचे निरोगी दातही घासावे लागतात. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडाचा अभ्यास करताना टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे पाहिले, आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसवले. तेच आजचे इम्प्लांट. ते शेजाऱ्यांना धक्का लावत नाही, मात्र हाडात रुजण्यास बहुधा काही महिन्यांची मुदत घेते, आणि तंबाखू किंवा अनियंत्रित मधुमेह असल्यास दगा देण्याचा संभव वाढतो.

तेव्हा कोणत्याही उपचारास संमती देण्यापूर्वी, त्यासाठी आपला किती निरोगी दात खर्ची पडणार आहे, हे दंतवैद्याला अवश्य विचारावे. किमतीचा हिशेब त्यानंतर.