शिडाची शर्यत : वाट कोणी द्यायची?

मंडळी, शर्यत मैत्रीचीच. तरी मागच्या खेपेला दोन होड्या एकमेकींवर आल्या, एकाचं शीड फाटलं आणि वाड्यात आठ दिवस अबोला. म्हणून यंदा नियम आधीच सांगतो.

शर्यत भरतीलाच होणार. ओहोटीचं पाणी आणि खारा वारा समोरासमोर भिडले की तेरेखोलच्या मुखावर लाट उभी राहते, हे आपल्याला सांगायला नको. वारा पडला तर ओहोटी होडीला बाहेर ओढते, भरती नदीत आणते.

वाट द्यायचा नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतलाच. दोन शिडाच्या होड्या जवळ आल्या तर जिला वारा डाव्या बाजूने लागतो तिने बाजूला व्हायचं. दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्या होडीने. मागून पुढे जाणाऱ्याने मात्र नेहमीच सांभाळायचं. केरी-तेरेखोल फेरीबोट दिसली की सगळ्यांनीच वाट द्या, तिथे हक्क नको.

इंजिन वर उचललेलं हवं. लाइफ जॅकेट नसेल तर होडी सुटणार नाही, मालक कोणीही असो. कोणी पाण्यात पडला तर जवळच्या होडीने शर्यत सोडून वळायचं. तिचा तेव्हाचा नंबर आम्ही धरू.

नावं सोसायटीच्या ऑफिसात द्या. येताना शीड आणा, शिवण बघायची आहे.